लहान मुलांसह मे महिन्यातला डोंगर

सहा ते दहा वर्षांच्या मुलांना घेऊन एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीत मुक्कामाला जायचे, तर सगळ्यात आधी पाणी पाहावे लागते. गडांवरची कातळात खोदलेली टाकी दिवाळीत काठोकाठ असतात. त्यातली काही बारमाही निघतात, पण बरीचशी होळीनंतर तळ दाखवू लागतात आणि मेमध्ये उरलेल्या हिरव्या पाण्यात माकडांचेही भागत नाही. पायथ्याच्या वाडीची स्थिती याहून फार बरी नसते. ज्या विहिरीवर बायका रात्रभर झरा भरायची वाट पाहतात, तिथे शहरातून आलेल्या वीस मुलांनी सकाळी अंघोळीला बादल्या मागणे शोभत नाही. म्हणून अनुभवी आयोजक पाण्याचा हिशेब घरीच करतो. वीस मुले आणि पाच मोठी माणसे धरली, तर पिण्यासाठी माणशी तीन लिटरप्रमाणे पंचाहत्तर लिटर, स्वयंपाक आणि भांड्यांना आणखी चाळीस. म्हणजे वीस लिटरचे सहा जार एका दिवसाला लागतात. ते गाडीने मुक्कामापर्यंत पोहोचत नसतील, तर ती जागा लहान मुलांच्या उन्हाळी मुक्कामाची नाही, मग ती कितीही देखणी असो. अंघोळीला त्या दिवसांत सुट्टी. मुलांची तक्रार सहसा येत नाही.

खरे तर या वयाच्या मुलांना डोंगर दाखवायचा उत्तम काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. पण शाळा सुटते मेमध्ये आणि आईवडिलांना मूल कुठेतरी गुंतवायचे असते तेही मेमध्येच, त्यामुळे शिबिरे भरतात ती भर उन्हात. हे एकदा मान्य केले की दिवसाची आखणी आपोआप ठरते. मेच्या मध्याला पुण्याच्या आसपास सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. चढ संपवून दहाच्या आत सावलीत परत यायचे, संध्याकाळी पाचपर्यंत सावली सोडायची नाही, आणि मधल्या वेळात गोष्टी, चित्रे, दोरीच्या गाठी, झोप. उंचीचा फायदा मिळतो, पण तो लोक समजतात तेवढा नसतो. हजार मीटर चढल्यावर हवा साधारण सहा अंशांनी उतरते. कर्जतला पारा चाळिशीला टेकला असेल, तर नऊशे मीटरवरच्या माचीवरही पस्तिशीच्या आसपास असणारच. वाऱ्यामुळे ते जाणवत नाही, हाच त्यातला धोका.

मुलाचे शरीर या उष्म्याशी मोठ्या माणसासारखे झगडत नाही. चालताना वजनाच्या मानाने ते जास्त उष्णता निर्माण करते, घाम मात्र कमी गाळते. वजनाच्या तुलनेत त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने, हवा अंगापेक्षा तापली की बाहेरची उष्णताही ते झपाट्याने शोषते. नव्या हवामानाला सरावायलाही मोठ्यांपेक्षा त्याला जास्त दिवस लागतात. म्हणून वातानुकूलित खोलीत एप्रिल काढलेले मूल थेट मेच्या पठारावर नेणे बरे नव्हे. आधीचे दहा-पंधरा दिवस रोज संध्याकाळी तासभर मैदानात खेळू दिले तरी बराच फरक पडतो.

शिबिरांत काम करणाऱ्यांना सर्वांत उशिरा कळणारी गोष्ट म्हणजे मूल सांगत नाही. तहान लागली, डोके दुखते, पायाला फोड आला, भीती वाटते, यातले काहीही सात वर्षांचे मूल वेळेवर आणि नेमके सांगत नाही. खेळाच्या नादात त्याला ते उमगतही नसते, आणि उमगले तरी इतरांसमोर बोलायला ते लाजते. त्यामुळे सगळी व्यवस्था त्याच्या सांगण्यावर अवलंबून न ठेवता बसवावी लागते. ‘तहान लागली की पाणी पी’ ही सूचना निरुपयोगी. दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी थांबायचे आणि सगळ्यांनी प्यायचे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दर वेळी शंभर ते अडीचशे मिलिलिटर पुरते, त्याहून लहानाला थोडे कमी. लघवीला केव्हा गेला आणि रंग कसा होता, हे दुपारी प्रत्येकाला विचारायचे. पहिल्या दिवशी मुले फिदीफिदी हसतात, दुसऱ्या दिवशी स्वतःहून अहवाल देतात. गडद पिवळा रंग म्हणजे पाणी कमी पडले. तसेच राहिले तर संध्याकाळी उन्हाळी लागते आणि मूल रडकुंडीला येते.

बडबड्या मुलगा गप्प झाला, चालताना मागे पडू लागला, उगाच चिडला, तर उत्साहाचे भाषण न देता त्याला सावलीत बसवून टोपी, बूट काढायचे, मान आणि काखा ओल्या फडक्याने पुसायच्या आणि घोटाघोटाने जलसंजीवनी पाजायची. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. अंदाजाने मूठभर मीठ घालणारे उत्साही लोक प्रत्येक चमूत असतात, त्यांना या कामापासून लांब ठेवावे. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा अंग तापून ते झोपाळू झाले, तर तो उष्माघात. मग तोंडाने काही पाजत बसायचे नाही. अंगावर पाणी ओतत, वारा घालत १०८ ला फोन लावायचा आणि गाडीकडे निघायचे. घोळणा फुटणे हा त्यामानाने किरकोळ प्रकार, पण घाबरवणारा. रक्त दिसले की आजूबाजूची मोठी माणसे मुलाचे डोके मागे टाकतात, आणि रक्त घशात उतरून त्याला उलटी होते. डोके थोडे पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरला की बहुतेक वेळा ते थांबते.

वाट निवडताना मोठ्यांचा ट्रेक घेऊन त्यातला शेवटचा टप्पा गाळायचा, अशी एक सवय दिसते. ती चुकीची आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालीचा एक ठोकताळा मांडला: सपाटीला तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. लहान मुलांसाठी येणारे उत्तर दुप्पट करावे. तीन किलोमीटर वाट आणि तीनशे मीटर चढ असेल, तर नेस्मिथच्या हिशेबाने तास-सव्वा तास होतो, मुलांना सव्वादोन तास लागतात. सहाला निघाले तर सव्वाआठला माथा, थोडे खाणे, आणि दहाच्या आत खाली. एवढाच पल्ला मेमध्ये या वयाला परवडतो. याहून मोठा बेत उन्हात अडकतो.

राजमाचीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या मधल्या माचीवर उधेवाडी वसली आहे आणि तिथे घराघरांत जेवणाची सोय होते. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे येणारी वाट फारशी चढाची नाही, म्हणून ‘सोपी’ म्हणून सांगितली जाते. पण ती पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिचे बरेच पट्टे उघडे आहेत. कर्जतच्या बाजूने कोंदिवड्याहून अंतर कमी, पण चढ खडा आणि कोकणच्या दमट उकाड्यातला. मेमध्ये दोन्ही वाटा सात वर्षांच्या मुलासाठी कामाच्या नाहीत. कोरड्या दिवसांत कच्च्या रस्त्याने जीप उधेवाडीपर्यंत जाते. जीपने जायचे, वाडीत राहायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे श्रीवर्धन चढून यायचे. काही पालकांना हे फसवल्यासारखे वाटते. पैसे ट्रेकचे घेतले आणि मुले जीपने नेली, असे ऐकून घ्यावे लागते. मुलांना मात्र असे काही वाटत नाही. त्यांच्या लेखी दगडाखालचा मुंगळा, करवंदाची जाळी आणि तोफ यांत उजवे-डावे नसते, आणि शिखर ही कल्पना मुळात मोठ्यांची आहे.

जागेची पूर्वपाहणी फेब्रुवारीत करून उपयोग नाही. ती शिबिराच्या आठवडाभर आधी आणि ज्या वेळी मुले चालणार त्याच वेळी व्हायला हवी. सकाळी नऊला कुठल्या वळणावर सावली असते, हे दुपारी जाणाऱ्याला कळत नाही. उन्हाळ्यात घसाऱ्याची वाट पावसाळी निसरड्या वाटेइतकीच फसवी असते. सुकलेले गवत आणि मुरूम यांवरून बूट सटकतात, आणि चढताना सहज पार केलेला टप्पा उतरताना मूल बसून घसरत पार करते. तिथे दोर लावायचा की वाटच बदलायची, हे आधी ठरवावे. दुसरी गोष्ट मोहोळांची. आग्या माश्यांची पोळी कड्यांना, बुरुजांच्या कमानींना आणि उंच झाडांना लोंबत असतात. खाली धूर झाला, कुणी दगड भिरकावला किंवा उग्र अत्तराचा वास आला, तरी त्या उठतात. पोळे दिसले की ती जागा सोडून द्यायची. चूल तर तिच्या आसपासही पेटवायची नाही. माश्या उठल्याच, तर तोंड-डोळे कपड्याने झाकून मुलांना लगेच लांब न्यायचे, आणि काटे नखाने पटकन खरवडून काढायचे. खाजकुयलीचे वेल आणि बिब्ब्याची झाडे कुठे आहेत तेही पाहणीत टिपावे. कुयलीच्या शेंगांची लव अंगाला लागली की मूल खाजवत सुटते आणि ती आणखी पसरते. न चोळता चिकटपट्टीने ती उचलून मग धुणे बरे.

सोबतीला पाच-सहा मुलांमागे एक दादा किंवा ताई हवी, आणि त्यातली एक व्यक्ती कायम शेवटी. शेवटचे मूल तिच्या पुढे, हा नियम फोटोसाठीही मोडायचा नाही. पुढे चालणाऱ्याची चाल रांगेतल्या सर्वांत लहान मुलाएवढी ठेवायची. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असते ती वाजवण्याच्या मोहासकट. पहिला तासभर ती वाजतेच, वाजू द्यावी. चुकलो तर जागचे हलायचे नाही, झाडाजवळ बसायचे आणि थांबून थांबून तीनदा शिट्टी फुंकायची, हे आधी खेळ म्हणून दोन-चारदा करून घेतले की लक्षात राहते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि आयोजकांना नोंदणी सांगितली. पालकांनी ती नोंदणी विचारावी, पण तिच्याबरोबर हेही विचारावे की शेवटी कोण चालतो.

तयारीचा मोठा भाग घरी होतो आणि तो पालकांच्या हातात असतो. नवे बूट हे पहिल्या दिवशीच्या फोडांचे हमखास कारण आहे. ते निदान पंधरवडाभर आधी घेऊन रोज घालायला हवेत, आणि मोजे सुती, जाडसर. नेहमी गादीवर आणि दिवा लावून झोपणाऱ्या मुलाला आठवडाभर तरी सतरंजीवर, अंधारात झोपवून पाहावे. विजेरी त्याच्या उशाशी द्यावी आणि ती त्यानेच लावावी. याहून महत्त्वाचे, पण ज्याबद्दल कुणी बोलत नाही, ते म्हणजे शौचाला उकिडवे बसणे. घरात कमोडवरच वाढलेल्या मुलाला ते जमत नाही. ते लाजेने सांगत नाही आणि दोन दिवस तसेच दाबून धरते. मग भूक जाते, पोट दुखते आणि दोष शिबिराच्या खिचडीला लागतो. अनुभवी ताया आता पालकांच्या बैठकीत सामानाच्या यादीआधी हाच विषय काढतात.

सामानाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. शाळेच्या दप्तराबाबत २०२० च्या केंद्रीय धोरणाने मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, तीच इथे लावावी. वीस किलोच्या मुलाच्या पाठीवर दोन किलो, म्हणजे पाण्याची बाटली, खाऊ, टोपी, विजेरी आणि एखादा अंगरखा झाला की संपले. बाकी सामान जीपमध्ये. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, लांब विजार आणि मान झाकणारी टोपी. कपडे भडक रंगांचे असले की झाडीत मूल दिसते. सॅक मुलाने स्वतः भरावी. आईने भरलेल्या सॅकमध्ये सगळे असते, पण मुलाला काहीच सापडत नाही.

खाण्यात पहिला शत्रू बटाटा. सकाळी केलेली बटाट्याची भाजी मेच्या दुपारी दोनपर्यंत आंबते. दुधाचे पदार्थही तसेच. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाणे-गूळ, खजूर, राजगिऱ्याची चिक्की हे टिकते. काकडी तहानही भागवते. चालताना मुले एका वेळी पोटभर खात नाहीत. त्यांना तासाला मूठभर काहीतरी लागते. मुक्कामी गरम वरण-भात किंवा पिठले-भाकरी, दुपारी ताक, पन्हे किंवा कोकम सरबत. बाटलीबंद गोड पेयांचे खोके नेणाऱ्या शिबिरात पाणी कमी प्यायले जाते, हे सहज दिसून येते. वाडीतल्या घरी जेवण सांगितले असेल, तर मुलांसाठी तिखट कमी करायला आदल्या दिवशीच सांगावे. वाढल्यावर सांगून उपयोग नसतो.

मुक्कामाला तंबू हवाच असे नाही. सूर्य वर आला की नायलॉनचा तंबू भट्टीसारखा तापतो, आणि शाळेची पडवी किंवा देवळाचा सभामंडप त्यापेक्षा हवेशीर असतो. पण मुलांना तंबूचेच आकर्षण असते. म्हणून तंबू झाडाच्या पश्चिमेला, सकाळची सावली मिळेल असा लावावा आणि त्याची जाळी कायम बंद ठेवावी. जाळी बंद ठेवायची ती डासांपेक्षा विंचू-सापांसाठी. कोकणातला लाल विंचू उन्हाळ्यात जास्त बाहेर पडतो आणि त्याचा दंश मोठ्यांपेक्षा मुलांना जड जातो. खूप घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही त्याची लक्षणे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून दाखवले आणि एकेकाळी ४० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा उपचार रुग्णालयात, वेळेवर व्हावा लागतो. म्हणून जवळच्या कोणत्या रुग्णालयात ही सोय आणि सर्पदंशाची लस आहे, तिथे पोहोचायला रात्री किती वेळ लागतो, हे फोन करून विचारून ठेवायचे. बूट सकाळी झटकून घालायचे, लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही, रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकायचे नाही, हे मुले मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात.

शिबिराच्या पहिल्या रात्री अकराच्या पुढे कुणीतरी येऊन म्हणतेच, ‘ताई, पोटात दुखतंय.’ दहातल्या नऊ वेळा याचा अर्थ घरची आठवण. जवळ बसून, पाठीवरून हात फिरवत दुसऱ्याच विषयावर बोलले की पाऊण तासात मूल झोपते. त्या वेळी घरी फोन लावून दिला तर दोन्हीकडची झोप जाते. काही वेळा ते दिवसभर दाबून धरलेले पोट असते. पण जमिनीवर झोपलेल्या मुलाच्या मध्यरात्रीच्या पोटदुखीचे आणखी एक कारण असू शकते, ते म्हणजे मण्यार. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, आणि पोटदुखी हे सुरुवातीचे लक्षण असू शकते. म्हणून चांगली ताई धीर देता देताच विजेरी बाजूला धरून पाहून घेते: पापण्या जड पडताहेत का, गिळायला त्रास होतोय का, शब्द अडखळतात का. शंका आली तर सकाळची वाट पाहायची नाही. बांधणे, कापणे, चोखणे काहीही न करता, मुलाला न चालवता गाडीत घालून निघायचे. असा प्रसंग फार क्वचित येतो, पण त्यासाठी एक गाडी आणि एक जागता चालक रात्रभर मुक्कामी ठेवायचा असतो. खर्च वाचवताना बहुतेक शिबिरे नेमकी हीच गाडी परत पाठवतात.

मेअखेरीस राजमाची, भंडारदरा या भागांत काजव्यांचे दिवस येतात आणि मुलांच्या मुक्कामांना मोठी मागणी येते. काजवे पाहायला जायचे तर विजेरीवर लाल कागद चढवायचा, गवत तुडवायचे नाही, कारण माद्या खालीच असतात, आणि बाटलीत काजवे पकडू द्यायचे नाहीत. मोठ्या जमावाने झगमगत्या गाड्यांतून जाण्यापेक्षा वाडीतल्या एखाद्या बाबांना सोबत घेऊन जवळच्या झाडापाशी अर्धा तास गप्प बसावे. त्या रात्री मुले उशिरा झोपतात, म्हणून दुसऱ्या दिवशी चढ ठेवायचा नाही.

याच दिवसांत वळीव येतो. सकाळ निरभ्र, दुपारी तीनला पूर्वेकडून काळे ढग, धूळ, वीज आणि गारा. पाचला सावली सोडण्याचा बेत अशा दिवशी गुंडाळून ठेवावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना देते, पण डोंगरात रेंज नसते, त्यामुळे कान उघडे ठेवावे लागतात. गडगडाट ऐकू आला की बुरूज, ध्वजस्तंभ, एकटे झाड आणि पाणवठा सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत मुले न्यायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर काढायची नाहीत. तंबू यात आसरा नव्हे.

पालकांकडून भरून घ्यायच्या कागदावर दमा, झटके, ॲलर्जी, चालू औषधे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांच्याइतकेच रात्री अंथरूण ओले होते का, झोपेत चालतो का, हेही विचारावे. हे प्रश्न लेखी उत्तराचे नसतात. फोनवर, एकेकट्याला विचारले तरच खरे कळते. संध्याकाळी एकदा ‘सगळे ठीक’ असा निरोप सर्व पालकांना एकाच वेळी जावा. एकाला गेला आणि दुसऱ्याला नाही, तर दुसरा रात्री गाडी काढून येतो.

परतल्यावर काम संपत नाही. त्याच दिवशी अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कानामागे आणि केसांत गोचीड पाहावे, आणि चिकटलेले असेल तर न चिरडता चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती, आणि गोव्याच्या सत्तरी भागातही तो आढळला आहे. तो गोचिडांमार्फत पसरतो आणि त्याचा हंगाम पावसाळ्यापूर्वीचाच असतो. त्या बाजूला मुक्काम झाला असेल, तर पुढच्या दोन आठवड्यांत ताप आल्यास मूल कुठे आणि कशावर झोपले होते, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. शिबिराच्या औषधपेटीतून काय वापरले गेले, त्याची नोंद त्याच आठवड्यात करून पेटी पुन्हा भरून ठेवतात, कारण पुढची तुकडी बहुतेक वेळा चार दिवसांवर असते.